सुया, टाके आणि थोडी आकडेमोड

लोकरीच्या विणकामाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक नव्याने सुया हातात घेतलेल्यांचे आहेत. बऱ्याच पत्रांत तक्रार एकच आहे: पुस्तकातला नमुना जसाच्या तसा विणला, तरी माप चुकलं. म्हणून या वेळी जास्त जागा मापांना आणि हिशोबांना दिली आहे. कॅल्क्युलेटर, वही आणि शिवणाची टेप हाताशी असू द्या. गुणाकार-भागाकारापलीकडचं काही लागणार नाही.

प्रश्न : सुरुवातीला नेमकं काय काय घ्यावं? तयार संचात वीस-पंचवीस वस्तू असतात. त्या सगळ्या लागतात का?

नाही. सुयांची एक जोडी, मध्यम जाडीची लोकर, टेप, कात्री, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई आणि एक क्रोशाची सुई एवढ्यावर पहिले काही महिने आरामात निघतात. सुया ४ किंवा ४.५ मिलीमीटरच्या घ्या आणि जमलं तर बांबूच्या. धातूच्या सुयांवरून टाके भराभर सरकतात. सरावलेल्या हाताला ते सोयीचं असतं, नवख्याचे मात्र टाके निसटतात. लोकर फिकट रंगाची, गुळगुळीत, नीट पीळ असलेली निवडा. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत, आणि जो टाका दिसत नाही तो मोजता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

क्रोशाची सुई साधारण ३.५ मिलीमीटरची असावी. निसटलेला टाका वर आणायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. खुणेच्या रिंगा विकतच्या हव्यात असं नाही. वेगळ्या रंगाच्या धाग्याचे छोटे फास करून सुईत अडकवले तरी काम होतं. ओळी मोजायचं यंत्रही नसलं तरी चालतं, वहीत रेघा मारा. टेप मात्र चांगली हवी. वर्षानुवर्षं वापरलेली कापडी टेप ताणली जाते, म्हणून एकदा लोखंडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीशी ताडून बघा.

पैसे घालण्यासारखी आणखी एक वस्तू म्हणजे भोकांची सुईमाप पट्टी. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : नमुन्यात ८ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. तशाच घेतल्या, तरी वीण फार घट्ट आली. सुया चुकीच्या होत्या का?

सुया बरोबर असतील, पण नंबर वेगळ्या पद्धतीचा असणार. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५. अमेरिकी पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते. तिथे ६ नंबर ४ मिलीमीटरचा, ८ नंबर ५ मिलीमीटरचा आणि १० नंबर ६ मिलीमीटरचा असतो. तुमचा नमुना अमेरिकी आणि सुया ब्रिटिश नंबराच्या असतील, तर ५ मिलीमीटरच्या जागी तुम्ही ४ मिलीमीटरवर विणलंत. मग वीण घट्ट येणारच.

नंबर विसरा आणि मिलीमीटर बघा. सुईवरचा छापा पुसला असेल तर ती पट्टीच्या भोकातून घालून पाहा. ज्या सर्वात लहान भोकातून ती जोर न लावता आरपार जाते ते तिचं माप. टोक निमुळतं असतं, त्यामुळे नुसतं टोक घालून ठरवू नका.

प्रश्न : आधी नमुन्याचा तुकडा विणायलाच हवा का? लोकर आणि सुया दोन्ही पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच घेतल्या आहेत.

हवाच. लोकर तीच, सुया त्याच, पण हात तुमचा आहे.

एक उदाहरण घेऊ आणि पुढच्या उत्तरांतही तेच चालवू. छातीचा घेर ९२ सेंटिमीटर आहे, ढिलाईसाठी ८ धरले, म्हणजे स्वेटरचा घेर १०० झाला. पाठ ५० आणि पुढचा भाग ५०. नमुन्याचं गेज, म्हणजे ठरावीक मापात बसणारे टाके आणि ओळी, १० सेंटिमीटरला २२ टाके, ३० ओळी. म्हणजे एका भागाला ११० टाके. आता तुमचा हात थोडा सैल आहे आणि १० सेंटिमीटरमध्ये तुमचे २०.५ टाकेच बसतात असं समजा. दीड टाक्याचाच फरक, पण ११० टाक्यांचा भाग भरेल ५३.७ सेंटिमीटर आणि स्वेटरचा घेर होईल १०७ च्या पुढे. धुवून, वाफ देऊन किंवा ओढून-ताणून हे सात सेंटिमीटर कमी होत नाहीत.

तुकडा निदान १५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच करा. इथे ३४ टाके घाला. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट विणा, म्हणजे कडा वळणार नाहीत. मधले टाके ज्या विणीत स्वेटर होणार त्याच विणीत विणा. टाके बंद करा, स्वेटर जसा धुणार तसाच तुकडा धुवा, न ताणता सपाट वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच मोजा. ही धुण्याची पायरी सगळे गाळतात, आणि तिथेच फसतात. काही लोकरी पाण्यातून निघाल्या की पसरतात, काही आवळतात. सुईवर असताना मोजलेला आकडा तर धरूच नका.

मोजताना कडेपासून आणि टाके घातलेल्या ओळीपासून दोन सेंटिमीटर आत या, कारण तिथले टाके ताणलेले किंवा ढिले असतात. टेप सपाट ठेवा, १० सेंटिमीटरवर दोन टाचण्या टोचा आणि मधले टाके मोजा. अर्धा टाका आला तर अर्धा लिहा. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. एका सेंटिमीटरात दोन टाके दिसतात म्हणून २ हा आकडा धरू नका. खरा आकडा २.२ असेल तर ५० सेंटिमीटरसाठी तुम्ही ११० ऐवजी १०० टाके घालाल आणि भाग साडेपंचेचाळीसचाच होईल.

टाके जास्त आले तर वीण घट्ट आहे, सुई जाड करा. कमी आले तर बारीक करा. एका वेळी पाव किंवा अर्धा मिलीमीटरच बदला. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करून गेज जुळवायला जाऊ नका. चार ओळी तसं जमतं, मग हात पुन्हा मूळ सवयीवर येतो आणि एकाच भागात दोन मापं होतात.

टाके जुळले पण ओळी जुळत नाहीत, असं बऱ्याचदा होतं. साध्या स्वेटरमध्ये लांबी टेपने मोजूनच विणतो, त्यामुळे फार बिघडत नाही. ओळींचं गेज महत्त्वाचं ठरतं ते बाहीच्या वाढीत आणि गळ्याकडे तिरपी घट करत जाणाऱ्या स्वेटरमध्ये.

प्रश्न : दुहेरी धाग्याने टाके घालताना शेपूट (धाग्याचं मोकळं टोक) नेहमी कमी पडते आणि सगळं उसवावं लागतं. अंदाज कसा घ्यावा?

त्याच सुईवर धागा १० वेळा गुंडाळा, न ओढता आणि वेढे एकमेकांना लागून. सोडवून मोजा. समजा १८ सेंटिमीटर भरला, तर एका टाक्याला १.८. मग ११० टाक्यांना १९८ सेंटिमीटर, वर २५ सेंटिमीटर सोडा. टाके खूप असतील तर हिशोबही नको: गोळ्याची दोन्ही टोकं काढून एका गाठीत बांधा, एकाचा शेपटीसारखा वापर करा, दुसऱ्याने विणा. टाके घालून झाले की शेपटीचा धागा कापा आणि गाठ पहिला टाका न मोजता सोडून द्या.

प्रश्न : "४ च्या पटीत अधिक २ टाके" म्हणजे काय? आणि माझ्या मापाचे टाके त्यात बसत नसतील तर?

दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर चार टाक्यांनी पुन्हा पुन्हा येते. शेवटी दोन टाके जास्त घेतले की ओळ दोन सुलटांनी सुरू होते आणि दोन सुलटांनीच संपते, दोन्ही कडा सारख्या दिसतात. शिवणीत प्रत्येक कडेचा एक टाका आत जातो, उरलेले एक आणि एक मिळून पुन्हा दोन सुलट होतात. शिवण शोधूनही सापडत नाही.

आपल्या उदाहरणात ११० टाके हवेत आणि शिवणीत २ जाणार, म्हणजे ११२. चारच्या पटीत अधिक दोन असा जवळचा आकडा ११० किंवा ११४. ११० घेतले तर शिवणीनंतर १०८ उरतात, म्हणजे ४९.१ सेंटिमीटर. ११४ घेतले तर ११२ उरतात, म्हणजे ५०.९. स्वेटर अंगासरशी हवा असेल तर पहिला, नाहीतर दुसरा. आमचं मत दुसऱ्याकडे: लोकरीचा स्वेटर थोडा मोठा झाला तर वापरला जातो, थोडा लहान झाला तर कपाटात राहतो.

गोल सुईवर, म्हणजे लवचीक वायरने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, शिवण नसते, तिथे "अधिक २" गाळा, नुसती चारची पट घ्या. ही चूक फार होते आणि पहिल्या फेरीच्या शेवटी दोन सुलटांना दोन सुलट येऊन भिडतात.

प्रश्न : बॉर्डर ८६ टाक्यांची. पुढच्या ओळीत "१२ टाके एकसारखे वाढवा" लिहिलंय. ८६ ला १२ ने भागलं तर पूर्ण भाग जात नाही.

जाणारही नाही. ८६ भागिले १२ म्हणजे ७ आणि बाकी २. मतलब १२ अंतरांपैकी १० अंतरं ७ टाक्यांची आणि २ अंतरं ८ टाक्यांची. पहिल्या वाढीच्या आधी पूर्ण अंतर ठेवू नका. ८ च्या एका अंतराचे दोन तुकडे करून दोन्ही टोकांना वाटा, नाहीतर वाढ एका बाजूला सरकते.

ओळ अशी होईल: ४ विणा, १ वाढवा. मग (७ विणा, १ वाढवा) असं १० वेळा. मग ८ विणा, १ वाढवा. शेवटी ४ विणा. ताळा करा: ४ अधिक ७० अधिक ८ अधिक ४ म्हणजे ८६, आणि वाढी १ अधिक १० अधिक १ म्हणजे १२. सुईवर ९८ टाके. ताळा कागदावरच करा, सुईवर चूक कळली तर ओळ उसवावी लागते.

वाढवण्यासाठी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून त्याच्या मागच्या बाजूने विणा. पुढून विणलात तर तिथे भोक पडतं.

प्रश्न : बाहीच्या वाढीचं वेळापत्रक कसं बसवायचं? माझी बाही कोपरापाशीच रुंद झाली आणि वर सरळ नळीसारखी राहिली.

म्हणजे वाढी लवकर संपल्या. ओळींचं गेज न मोजता नमुन्यातली "दर सहाव्या ओळीला" ही सूचना पाळली की असंच होतं.

मनगटाशी ५० टाके, दंडाशी ७८ हवेत. फरक २८. एका वाढीच्या ओळीत दोन्ही कडांना एक-एक, म्हणजे २ टाके वाढतात, म्हणून वाढीच्या ओळी १४. बाहीची लांबी ४३ सेंटिमीटर, त्यातली बॉर्डर ६ आणि दंडापाशी ३ सेंटिमीटर सरळ ठेवायचे. वाढीसाठी उरले ३४ सेंटिमीटर. १० सेंटिमीटरला ३० ओळी, म्हणजे ३४ सेंटिमीटरला १०२ ओळी.

१०२ भागिले १४ म्हणजे ७ आणि थोडं. पण वाढ सुलट बाजूने करायची असल्यामुळे अंतर सम हवं. ६ ठेवलं तर १४ गुणिले ६ म्हणजे ८४, वर १८ ओळी उरतात. त्या दोन-दोनने वाटल्या तर ९ अंतरं ६ ऐवजी ८ ओळींची होतात. म्हणून दर ६ व्या ओळीला ५ वेळा आणि मग दर ८ व्या ओळीला ९ वेळा. ५ गुणिले ६ म्हणजे ३०, ९ गुणिले ८ म्हणजे ७२, बेरीज १०२.

वाढ अगदी कडेच्या टाक्यात करू नका. एक टाका सोडून आत करा, शिवण सरळ येते. आणि दोन्ही बाह्यांना तोच कागद वापरा, वाढ झाली की खूण करा. दुसरी बाही आठवणीने विणली की ती पहिलीपेक्षा वेगळी होते.

प्रश्न : मफलर ४० टाक्यांनी सुरू केला, वीतभर झाल्यावर ४७ टाके! एकही वाढ केलेली नाही.

नवख्यांच्या कामात हे सर्रास होतं आणि त्याची कारणं तीनच.

पहिलं आणि सर्वात मोठं कारण ओळीच्या सुरुवातीला असतं. काम पलटल्यावर गोळ्याकडचा धागा सुईच्या वरून मागे ओढला जातो. त्यामुळे पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर पसरतात. ते दोन टाके वाटतात आणि दोन म्हणून विणले जातात. सुलट ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून मागे न्या, मग पहिला टाका एकच दिसेल.

दुसरं कारण सुलटावरून उलटावर जाताना घडतं. धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो सुईवरून आला की एक वेढा जास्त पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका बनतो. खाली बारीक भोक दिसत असेल तर हेच झालंय. पुढच्याच ओळीत लक्षात आलं तर तो वेढा सुईवरून सरळ खाली टाका, धागा शेजारच्या टाक्यांत जिरून जातो.

तिसरं म्हणजे धागा फाकणं: सुई टाक्याच्या पिळातून घुसते आणि एकाचे दोन होतात. सुईचं टोक फार अणकुचीदार किंवा लोकर सैल पिळाची असली की हे जास्त होतं.

दर १० टाक्यांवर खुणेची रिंग घाला. मग पूर्ण ओळ मोजायला नको, कोणत्या दहात अकरा झाले ते लगेच कळतं.

टाके कमी झाले असतील तर एखादा निसटून खाली उतरलेला असेल. काम सुलट बाजू समोर धरा. सुटलेल्या फासात क्रोशाची सुई पुढून घाला, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडा आणि फासातून ओढून घ्या. असं एक-एक पायरी वर येत सुईपर्यंत आणा. आडवे धागे खालून वर क्रमाने घ्या. एखादा चुकला तर मागच्या बाजूला लोंबता धागा राहतो.

प्रश्न : लोकर किती आणावी? दुकानात दरवेळी अंदाजाने सांगतात आणि शेवटी अर्धी बाही उरते.

गेजचा तुकडा फेकू नका, त्याचं वजन करा. तुकडा १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर, वजन ९ ग्रॅम असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ०.०४ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर एवढ्या छोट्या वजनात चूक मोठी होते. मग तुकडा मोठा विणा.

आता स्वेटरचं क्षेत्रफळ. पाठ आणि पुढचा भाग प्रत्येकी ५० बाय ६०, दोन्ही मिळून ६,०००. बाही खाली २३ आणि वर ३५.५ रुंद, सरासरी सव्वाएकोणतीस, गुणिले लांबी ४३, दोन बाह्यांचे साधारण २,५१५. एकूण ८,५१५. गुणिले ०.०४ म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. गळ्याची कापलेली जागा वजा करू नका. बॉर्डर, शिवण आणि गळ्याची पट्टी यांसाठी १५ टक्के वाढवा: ३९१ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमचे ८ गोळे. वेण्यांची वीण असेल तर तुकडाही वेण्यांचाच हवा, कारण तिला साध्या विणीपेक्षा बरीच जास्त लोकर लागते.

दुसऱ्या कंपनीची लोकर घेत असाल तर वजन नव्हे, मीटर जुळवा. नमुन्यात ५० ग्रॅमचे ८ गोळे, प्रत्येकी १२० मीटर, म्हणजे ९६० मीटर. तुमच्या १०० ग्रॅमच्या गोळ्यात २१० मीटर असतील तर ९६० भागिले २१०, म्हणजे साडेचारच्या वर, ५ गोळे. वजन बघून ४ आणले असते तर १२० मीटर कमी पडले असते.

सगळे गोळे एकाच रंग-लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या, वेष्टनावर नंबर असतो. लॉट वेगळा निघालाच तर दोन ओळी एका गोळ्याने, दोन दुसऱ्याने अशा विणा. एकदम बदललात तर अंगावर पट्टा दिसतो.

प्रश्न : चौकटीच्या कागदावर गोल फूल काढलं, विणल्यावर ते चपटं झालं.

कागदाची चौकट चौरस असते, टाका नसतो. तो उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो. १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी असतील, तर ४० टाके रुंद आकृती १८ सेंटिमीटर भरते, पण ४० ओळी फक्त १३ सेंटिमीटर. रुंदीइतकी उंची हवी तर ४० गुणिले ३० भागिले २२, म्हणजे ५४ ओळी लागतील. कागदावर चित्र तेवढं उभट काढा. तिथे लांबट दिसेल, विणल्यावर गोल होईल.

प्रश्न : टोपीसाठी गोल सुई किती लांबीची? माझे टाके सुईभर पोहोचतच नाहीत.

सुई कामाच्या घेरापेक्षा आखूड हवी. डोक्याचा घेर ५६ असेल तर टोपी ५० सेंटिमीटरची करा, ती ताणून बसते. १० सेंटिमीटरला २० टाके असतील तर १०० टाके, आणि ते चारच्या पटीतही आहेत. यासाठी ४० सेंटिमीटरची सुई चालेल, ६० ची नाही. फेरी जोडण्याआधी सगळे टाके आतल्या बाजूला एकसारखे वळलेले आहेत ना, ते बोटाने फिरवून बघा. एक पीळ राहिला तर पुढे उसवण्याखेरीज इलाज नाही.

माथ्यासाठी १०० टाक्यांचे १० भाग करा. (८ सुलट, २ एकत्र) असं १० वेळा म्हणजे ९० टाके. पुढची फेरी साधी. मग (७ सुलट, २ एकत्र), पुन्हा एक साधी. ५० टाके उरल्यावर साध्या फेऱ्या बंद करून प्रत्येक फेरीत घटवा. घेर लहान झाला की ४० ची सुईही मोठी पडते, तेव्हा दोन्ही टोकांच्या पाच सुयांच्या संचावर या. शेवटच्या १० टाक्यांतून धागा दोनदा ओवून आवळा.

प्रश्न : एक सुई सुलट, एक सुई उलट विणलेला मफलर दोन्ही बाजूंनी गुंडाळला जातो. इस्त्री करू का?

नको. त्या विणीचा स्वभावच तो आहे: कडा मागे वळतात, वरची आणि खालची बाजू पुढे. इस्त्रीने थोडा वेळ सपाट होईल, ॲक्रिलिक असेल तर वीण कायमची निर्जीव होईल. दोन्ही कडांना चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट घेतले की वळणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. मफलर उसवायची तयारी असेल तर सगळ्या ओळी सुलट विणा, किंवा दोन सुलट, दोन उलट घ्या. या दोन्ही विणी सपाट राहतात.